पीतज्वराच्या लशीपासून सान तेल्मोपर्यंत : ब्युनोस आयर्समधले अकरा दिवस

नाशिक जिल्ह्यात हिवताप विभागात मी तेहेतीस वर्षे नोकरी केली आणि २०२१ साली आरोग्य पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका प्रशिक्षणवर्गात एडिस इजिप्ती डासाचा धडा चालला असताना आमच्या प्रशिक्षकांनी सांगितले होते, की आपल्याकडे डेंग्यू पसरवणाऱ्या याच डासाने १८७१ साली अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्समध्ये, पीतज्वर, म्हणजे पिवळा ताप, पसरवला, सुमारे एक लाख ऐंशी हजार वस्तीच्या त्या शहरात काही महिन्यांत जवळजवळ चौदा हजार माणसे दगावली, आणि त्या साथीनंतर शहराच्या वस्त्यांची मांडणीच बदलून गेली. ते शहर एकदा पाहायचे, हे मी तेव्हाच मनाशी ठरवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मी आणि पत्नी तिथे जाऊन आलो. तयारी करताना मराठीत फारशी माहिती सापडली नाही आणि कागदपत्रांची धास्ती बरीच वाटली, म्हणून घडले त्या क्रमाने सगळे लिहून ठेवतो आहे.

सुरुवात लशीपासून केली. इथे अनेकांचा गैरसमज होतो. पीतज्वराच्या लशीचा दाखला अर्जेंटिनात प्रवेश करताना मागत नाहीत, तो परत येताना भारत मागतो. आपल्या देशात पीतज्वर नाही, पण तो वाहून नेणारा डास घरोघरी आहे. एखादा प्रवासी रक्तात विषाणू घेऊन आला, तर साथ पेटायला वेळ लागणार नाही. त्यामुळे अर्जेंटिनासह दक्षिण अमेरिकेतील आणि आफ्रिकेतील ठरावीक देशांतून सहा दिवसांच्या आत परतणाऱ्या ज्या माणसाकडे वैध दाखला नसेल, त्याला विलगीकरणात ठेवता येते. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी दाखला वैध होतो आणि एकदा वैध झाला की जन्मभर चालतो. जुन्या दहा वर्षांच्या मुदतीचा नियम २०१६ मध्ये बदलला.

ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते. एक कुपी उघडली की त्यातल्या सगळ्या मात्रा थोड्या वेळात संपवाव्या लागतात, म्हणून ठरावीक दिवशी माणसे गोळा करूनच लस देतात. आम्हांला मुंबईतल्या एका केंद्रात २७ ऑगस्टची वेळ मिळाली. शुल्क माणशी तीनशे रुपये होते. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांना तिचा त्रास होण्याची शक्यता थोडी जास्त असते. मी एकसष्ट वर्षांचा असल्याने आमच्या डॉक्टरांकडून तपासणी करून, तसे लिहून घेऊन गेलो होतो. तिथल्या परिचारिकेने तो कागद वाचला आणि विचारले, "काका, अंड्याची ॲलर्जी आहे का? आधी कधी कुठल्या लशीने त्रास झालाय?" साठीच्या पुढच्या वाचकांना माझी विनंती आहे, की डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ही लस घेऊ नका. लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात.

दाखल्याची पिवळी पुस्तिका हातात आली तेव्हा पत्नीच्या नावात मधले नाव राहून गेले होते. पासपोर्टावर तीन नावे आणि दाखल्यावर दोन. आम्ही खिडकीवरच तपासल्यामुळे पाच मिनिटांत दुरुस्ती झाली, घरी येऊन लक्षात आले असते तर पुन्हा नाशिक-मुंबई फेरी पडली असती. नाव, पासपोर्ट क्रमांक, लशीचा बॅच क्रमांक, सही आणि शिक्का, या पाच गोष्टी जागच्या जागी पाहून घ्याव्यात.

व्हिसासाठी मुंबईतील अर्जेंटिनाच्या वाणिज्य दूतावासात अर्ज केला. ज्यांच्याकडे अमेरिकेचा वैध पर्यटक व्हिसा होता त्यांच्यासाठी ऑनलाइन परवानगीची वेगळी सोय होती, पण आमच्याकडे तो नव्हता. भरलेला अर्ज, छायाचित्रे, गेल्या काही महिन्यांचे बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रे, निवृत्तिवेतनाचा आदेश, विमानाचे आणि हॉटेलचे आरक्षण, दिवसवार कार्यक्रम आणि प्रवासाचे कारण सांगणारे पत्र, असा संच दोन प्रतींत तयार केला. माझ्या बँकेने दिलेल्या उताऱ्यावर शिक्का नव्हता, त्यामुळे पुन्हा शाखेत जाऊन प्रत्येक पानावर शिक्का मारून आणावा लागला आणि त्यात चार दिवस गेले. १२ सप्टेंबरला कागद दाखल केले, थोड्याच दिवसांनी मुलाखत झाली. "इतक्या लांब फक्त एकच शहर पाहायला का जाता?" असे मला विचारले गेले. मी १८७१ च्या साथीचे आणि माझ्या नोकरीचे सांगितले, तेव्हा समोरची व्यक्ती लक्षपूर्वक ऐकत राहिली. ३० सप्टेंबरला पासपोर्ट परत मिळाले. या अठरा दिवसांत मला नीट झोप लागली नाही हे कबूल करतो. तिकिटे आधीच काढली होती, पण तारीख बदलता येईल अशी, आणि हॉटेल विनाशुल्क रद्द करता येईल असे. तुम्हीही तसेच करा.

तिकीट माणशी एक लाख बासष्ट हजार रुपयांना पडले. मुंबई, दोहा, साओ पाउलो आणि मग ब्युनोस आयर्स. त्यात दोहा ते साओ पाउलो हाच टप्पा चौदा तासांहून मोठा होता. ५ नोव्हेंबरला रात्री घर सोडले ते ६ तारखेला संध्याकाळी एसेइसा विमानतळावर उतरलो. आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे असलेल्या घड्याळाशी शरीर जुळायला तीन दिवस लागले. विमानतळावर बाहेर गाठणाऱ्या टॅक्सीवाल्यांकडे न जाता आतल्या खिडकीवर पैसे भरून गाडी घेतली. शहर तीसेक किलोमीटर दूर आहे.

पैशांबद्दल थोडे. शंभर डॉलरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटांना तिथे चांगला भाव मिळतो, सुट्या आणि मळक्या नोटांना कमी. हॉटेलचे बिल परदेशी कार्डाने भरले आणि पासपोर्ट दाखवला, तर परदेशी पर्यटकाला २१ टक्के कर माफ होतो. ही सवलत नोंदणीकृत हॉटेलांतच मिळते, तेव्हा आरक्षण करतानाच विचारून घ्यावे. आमचे हॉटेल आव्हेनिदा दे मायो या रस्त्याजवळ होते, दिवसाला ५५ डॉलर. बस आणि सुब्ते, म्हणजे भुयारी रेल्वे, यांच्यासाठी आम्ही गेलो तेव्हा 'सुबे' नावाचे एकच कार्ड लागत होते आणि एकाच कार्डावर दोघांचे भाडे कापता येत होते. सुब्तेची 'आ' मार्गिका १ डिसेंबर १९१३ रोजी सुरू झाली, लॅटिन अमेरिकेतील ती पहिली. तिच्या जुन्या स्थानकांतून उतरताना पायऱ्यांशेजारच्या फरशा आवर्जून पाहाव्यात.

७ नोव्हेंबर हा गुरुवार होता, म्हणून पहिल्याच दिवशी दुपारी प्लासा दे मायो या चौकात गेलो. चौकाच्या एका टोकाला गुलाबी रंगाचा राष्ट्राध्यक्षांचा वाडा, दुसऱ्या टोकाला काबिल्दो ही वसाहतकालीन पांढरी इमारत, बाजूला कॅथेड्रल आणि मधोमध १८११ चा मनोरा. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत ज्यांची मुले उचलून नेली गेली आणि परतलीच नाहीत, त्या आया ३० एप्रिल १९७७ पासून इथे जमू लागल्या. घोळक्याने उभे राहण्यास पोलिसांनी मनाई केल्यामुळे त्या मनोऱ्याभोवती चालत राहिल्या. आजही दर गुरुवारी साडेतीनला ही फेरी निघते. पांढरे रुमाल डोक्याला बांधलेल्या, आता नव्वदीच्या घरातल्या काही आया आणि त्यांच्याबरोबर चालणारी तरुण माणसे पाहिली. फरसबंदीवर तेच रुमाल पांढऱ्या रंगात काढलेले आहेत. पत्नी त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून जपून चालत होती. आम्ही दोघेही फेरीत शेवटी सामील झालो, कोणी अडवले नाही. तिथे छायाचित्रे काढण्यापेक्षा चालावे असे मला वाटते.

पुढचे दोन दिवस आव्हेनिदा दे मायोवरच रेंगाळलो. १८५८ पासूनचा कॅफे तोर्तोनी आणि १९२३ मध्ये पूर्ण झालेला पालासिओ बारोलो ही तिथली प्रसिद्ध ठिकाणे. इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्याप्रमाणे नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग अशी बारोलोची रचना केली आहे आणि शंभर मीटर उंचीवर दीपगृह आहे. मार्गदर्शकाबरोबरची फेरी आधी आरक्षित करावी लागते. शेवटचे जिने फार अरुंद आहेत, गुडघे दुखत असतील तर वर जाऊ नये. तेआत्रो कोलोनची फेरीही अशीच आधी ठरवली. २५ मे १९०८ रोजी उघडलेल्या या नाट्यगृहाचे काम सुमारे वीस वर्षे चालले आणि त्या काळात तीन वास्तुविशारद लागले, कारण पहिला वारला आणि दुसऱ्याचा खून झाला. तळमजल्यावर जाळ्या लावलेल्या काही बैठका आहेत. पतिनिधनाच्या शोकात असलेल्या स्त्रियांनी लोकांच्या नजरेस न पडता संगीत ऐकावे म्हणून त्या केल्या होत्या. पत्नी त्या जाळीपाशी बराच वेळ थांबली.

ज्यासाठी आलो होतो ते सान तेल्मो, शहराच्या दक्षिणेकडची जुनी वस्ती, रविवारी, १० तारखेला पाहिले. देफेन्सा रस्त्यावर त्या दिवशी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो आणि तो प्लासा दोर्रेगोपर्यंत जातो. गर्दी फार असते, पाकीट पुढच्या खिशात आणि पिशवी छातीशी धरावी. मला मात्र घरे पाहायची होती. १८७१ च्या जानेवारीच्या अखेरीस साथीचे पहिले रुग्ण याच वस्तीत सापडले. तोपर्यंत शहरातले श्रीमंत लोक इथे, दक्षिणेला राहत होते. एप्रिलमध्ये एकेका दिवसात पाचशेहून अधिक मृत्यू होऊ लागले, तोवर निम्मे शहर गाव सोडून गेले होते. श्रीमंत कुटुंबे उत्तरेकडच्या उंच भागात, आजच्या रेकोलेताकडे गेली आणि पुन्हा परतली नाहीत. रिकाम्या वाड्यांच्या खोल्या एकेका स्थलांतरित कुटुंबाला भाड्याने दिल्या गेल्या. या वाड्यांना तिथे कोन्व्हेन्तिशो म्हणतात. मधे चौक, भोवती खोल्या, एका खोलीत एक बिऱ्हाड, नळ आणि संडास सामाईक. आपल्या चाळीत राहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. १९०७ साली या बिऱ्हाडकरूंनी भाडेवाढीविरुद्ध संप केला, तेव्हा बायका आणि मुले हातात झाडू घेऊन रस्त्यावर उतरली होती.

देफेन्सा रस्त्यावरच एल सान्होन नावाचा वाडा आहे. १८३० च्या सुमाराचे हे श्रीमंतांचे घर साथीनंतर कोन्व्हेन्तिशो झाले आणि पुढे ढासळले. १९८५ नंतर दुरुस्तीसाठी खोदताना जमिनीखाली विटांची भुयारे आणि जुन्या ओढ्याचा बांधलेला पाट सापडला. मार्गदर्शकाबरोबर तासाभराची फेरी असते. तळाला गेल्यावर तिने पावसाचे पाणी साठवण्याची गोल विटांची टाकी दाखवली. नळ येण्यापूर्वी घरोघरी अशा टाक्या होत्या. मी कठड्याला हात लावून आत वाकून पाहिले. विटा गार होत्या, आतला गिलावा हाताला गुळगुळीत लागत होता आणि तळाला थोडी धूळ होती. घरभेटीला गेल्यावर बॅटरीचा झोत टाकून अळ्या शोधताना जसा वाकतो तसाच मी वाकलो आहे, हे माझ्या लक्षात आले. रांजण, हौद, सिमेंटच्या टाक्या, कूलर यांतच आमची तेहेतीस वर्षे गेली. सावलीतले, साठवलेले, स्वच्छ पाणी एडिसला हवे असते, आणि ते या घराच्या मधोमध होते. त्या काळी हे कोणालाच माहीत नव्हते. डासाचा संबंध क्युबाच्या कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये मांडला आणि तो १९०० मध्ये सिद्ध झाला. ब्युनोस आयर्समध्ये १८७१ साली दोष दिला गेला तो दुर्गंधीला आणि गरीब इटालियन स्थलांतरितांना, त्यांना घरांतून हुसकून काढले गेले, आणि मेलेल्यांत सर्वाधिक भरणा त्यांचाच होता. मला हे आठवले की आजही वाईट वाटते, कारण साथीत वस्तीला दोष देण्याची सवय मी माझ्या नोकरीतही पुष्कळ पाहिली आहे.

सोमवारी सकाळी कोर्दोबा रस्त्यावरचा पाण्याचा महाल, पालासिओ दे आग्वास कोर्रिएन्तेस, पाहिला. साथींनी शहाण्या झालेल्या शहराने शुद्ध पाणी आणि भूमिगत गटारांची जी मोठी योजना आखली, त्यातली ही इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. बाहेरून तीन लाखांवर रंगीत मातीच्या फरशांचा राजवाडा, आणि आत बारा लोखंडी टाक्या, एकूण सात कोटी वीस लाख लिटर पाण्याच्या. आत जल आणि स्वच्छता इतिहासाचे संग्रहालय आहे, प्रवेश विनामूल्य. ते शनिवार-रविवारी बंद असते आणि आम्ही गेलो तेव्हा सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंतच उघडे होते. प्रवेश बाजूच्या रियोबाम्बा रस्त्यावरून आहे. पर्यटकांच्या यादीत ही जागा बरीच खाली असते, माझ्या यादीत ती पहिली राहील. संडासाची भांडी, नळ, जलमापक यांची दालने पाहून शेवटी टाकीच्या पोलादी भिंतीशेजारी उभे राहिलो. पत्नी म्हणाली, "अहो, आता झाकण उघडून बघू नका म्हणजे झालं."

रेकोलेताची दफनभूमी १८२२ ची आहे. परदेशी पाहुण्यांना प्रवेशशुल्क आहे आणि ते रोखीने घेत नाहीत, कार्ड जवळ ठेवावे. संगमरवरी घुमट्यांच्या गल्ल्यांतून राष्ट्राध्यक्ष हुआन पेरोन यांच्या पत्नी एविता पेरोन यांची काळ्या दगडाची घराणेसमाधी शोधायला आम्हांला वीस मिनिटे लागली. १९५२ मध्ये वारलेल्या या बाईंचा देह १९५५ च्या सत्तापालटानंतर पळवला गेला, मिलानमध्ये खोट्या नावाने पुरला गेला आणि १९७६ मध्ये इथे आला. दक्षिणेतून निघालेल्या घराण्यांची संगमरवरी नावे इथे वाचता येतात. त्याच साथीत मेलेल्या गरिबांसाठी मात्र १८७१ च्या एप्रिलमध्ये चाकारिता इथे घाईने नवी दफनभूमी उघडली गेली आणि कोर्रिएन्तेस रस्त्याने शवपेट्या वाहणारी आगगाडी धावू लागली.

त्याआधी प्रेते जिथे पुरली जात, ती जागा १३ तारखेला शोधली. ती आता पार्के अमेघिनो नावाची बाग आहे, पार्के पात्रिसिओस या वस्तीत. मुले पाळण्यावर खेळत होती. मधोमध साथीतल्या मृतांचे स्मारक आहे आणि त्यावर सेवा करताना मेलेल्यांची नावे कोरली आहेत. रस्त्यापलीकडे संसर्गजन्य रोगांचे मुन्यिस रुग्णालय आहे, त्याच साथीत रुग्णसेवा करताना वारलेल्या डॉक्टर फ्रान्सिस्को हाविएर मुन्यिस यांच्या नावाचे. रुग्णालयाबाहेर डेंग्यूचे फलक होते. आदल्या हंगामात अर्जेंटिनाने डेंग्यूची आजवरची सर्वांत मोठी साथ सोसली होती. फलकावर कुंडीखालची बशी, टायर आणि पालथी घातलेली बादली काढली होती. भाषा येत नसूनही मला त्यातला प्रत्येक शब्द कळला. आम्ही 'कोरडा दिवस', म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा दिवस, पाळायला सांगताना हीच चित्रे भिंतींवर काढत होतो.

ला बोका ही जुन्या बंदराजवळची वस्ती आणि तिथली कामिनितो गल्ली दुपारी दोन तासांत पाहिली. उरलेल्या जहाजी रंगांनी रंगवलेली पत्र्याची घरे सुंदर आहेत, पण तिथे आता विक्रेत्यांचाच वावर फार. चित्रकार किंकेला मार्तिन यांचे संग्रहालय चुकवू नये. २९ क्रमांकाच्या बसने यावे-जावे, चार-पाच गल्ल्यांपलीकडे पायी जाऊ नये आणि अंधार पडण्याआधी निघावे.

जेवणाची काळजी शाकाहारी वाचकांना असेल. पत्नी शाकाहारी आहे. एम्पानादा म्हणजे सारण भरलेली करंजी. मका भरलेले 'उमिता' एम्पानादा आणि कांदा-चीजचे एम्पानादा सर्वत्र मिळतात, परंतु पिठात गुरांची चरबी घालतात, म्हणून 'ग्रासा' आहे का हे विचारावे. मेदिआलुना या चंद्रकोरी पावाचेही 'दे ग्रासा' आणि 'दे मान्तेका' असे दोन प्रकार असतात, दुसरा लोण्याचा. पिझ्झाच्या दुकानात 'फाइना' मागावी. ती हरभऱ्याच्या पिठाची जाड पोळी असते आणि वर मिरपूड भुरभुरलेली असते. तिखट-मिठाची पूड घेऊन गेलो होतो, ती तिच्यावर छान लागली. रात्रीचे जेवण सहसा नऊच्या आधी मिळत नाही.

शनिवारी, १६ तारखेला रेतिरो स्थानकातून आगगाडीने बेक्कार या उपनगरात गेलो. नोव्हेंबरात शहरभर जांभळे जकारांदा फुललेले असतात आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना ते दिसत राहिले. पेरूला निघालेले रवींद्रनाथ ठाकूर आजारी पडून नोव्हेंबर १९२४ मध्ये या भागात विश्रांतीला राहिले, अर्जेंटिनाच्या लेखिका व्हिक्तोरिया ओकाम्पो यांचे पाहुणे म्हणून. रवींद्रनाथांनी ओकाम्पो यांना 'विजया' हे नाव दिले. कवी राहिले ते घर वेगळे होते. ओकाम्पो यांचा स्वतःचा वाडा, विया ओकाम्पो, १९७३ मध्ये युनेस्कोला दिला गेला आणि आता पाहता येतो. बरोबर शंभर वर्षांनी आम्ही त्या बागेत बसलो होतो, याचा पत्नीला फार आनंद झाला.

१७ तारखेला निघालो आणि १९ च्या पहाटे मुंबईत उतरलो. दोघांचा एकूण खर्च पावणेपाच लाखांच्या आसपास झाला. इमिग्रेशनच्या रांगेआधी आरोग्य विभागाचे टेबल आहे. ब्युनोस आयर्सहून आलो म्हटल्यावर तिथल्या मुलाने पिवळ्या पुस्तिका मागितल्या. पुस्तिका हातसामानातच ठेवाव्यात, मोठ्या बॅगेत नव्हे. त्याने पत्नीचे मधले नाव पासपोर्टाशी ताडून पाहिले आणि लशीची तारीख वाचली. मग नाव, देश, दिनांक, बॅच क्रमांक अशा रकान्यांच्या जाड नोंदवहीत त्याने आमच्या दोन ओळी भरल्या. तशाच रकान्यांच्या वह्या मी तेहेतीस वर्षे भरल्या होत्या. शेवटच्या रकान्यात सही करायला त्याने पेन माझ्याकडे दिले.